‘पहिलं होतं तेच बरं होतं!’

लहानपणी ‘घरी चल, मग बघते तुझ्याकडे’ एवढं ऐकलं की पोटात गोळा यायचा. नोकरीला लागल्यावर त्या वाक्याची जागा दुसऱ्या एका वाक्याने घेतली. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. बॅगेची चेन लावून झालेली असते. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहतात, मान तिरकी करून स्क्रीनकडे बघतात आणि म्हणतात, ‘तसं छान झालंय हो. पण काय आहे ना... पहिलं होतं तेच बरं होतं!’

खल्लास! कारण ‘पहिलं’ आता कुठेच नसतं. त्याच्यावर चार वेळा रंग फिरलेला असतो, बॅकग्राउंड पुसून झालेलं असतं आणि वरून फाइल सेव्ह झालेली असते.

हा प्रसंग फक्त डिझायनर मंडळींवर येतो असं समजू नका. ऑफिसात ज्याला फोटोशॉप ‘थोडंसं येतं’ तो सगळ्यांच्याच मालकीचा होतो. एचआरला दिवाळीचं पोस्टर हवं असतं, सेल्सला प्रॉडक्टचे साठ फोटो एका मापाचे हवे असतात. आणि राजमाचीहून परतलेल्या ट्रेकच्या ग्रुपला सगळे फोटो ‘जरा नीट करून’ हवे असतात, तेही आजच!

फोटोशॉपमध्ये वेळ कसा वाचवायचा, असं कुणालाही विचारलं की तो शॉर्टकटची यादी हातात ठेवतो. यादी चांगलीच असते, पुढे मीही देणार आहे. पण माझा फंडा जरा वेगळा आहे. हाताच्या वेगाने वाचतात ते सेकंद. तास जातात ते एकदा केलेलं काम पुन्हा करण्यात. त्यामुळे खरी युक्ती दोनच गोष्टींत आहे. मागे फिरायची वाट मोकळी ठेवायची आणि तेच तेच काम मशीनच्या गळ्यात मारायचं. बाकी सगळं या दोघांची पिल्लं.

कंट्रोल झेडचा भरवसा किती?

‘त्यात काय, कंट्रोल झेड आहे की!’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी बनवलेलं फोटोशॉप अ‍ॅडोबीने १९९० मध्ये बाजारात आणलं, तेव्हा त्यात लेयर्स नव्हते. ते आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. आणि पाचव्या आवृत्तीत, म्हणजे १९९८ मध्ये, हिस्ट्री पॅलेट येईपर्यंत मागे जायची सोय होती फक्त एक पाऊल! म्हणजे दोन चुका केल्या की पहिली कायमची. सॉफ्टवेअर उघडताना झळकणाऱ्या नावांत वर्षानुवर्षं दिसणारं सीतारामन नारायणन हे नाव आठवतंय? ते नाव पाठ होईपर्यंत आपण लोडिंगकडे बघत बसायचो. त्या काळातल्या लोकांनी हे सगळं कसं निभावलं, देव जाणे.

आता हिस्ट्रीत साधारणपणे ५० पायऱ्या राहतात. खूप वाटतात ना? पण ब्रशचा प्रत्येक फटका म्हणजे एक पायरी. चेहऱ्यावरचे डाग काढायला बसलात की पन्नास फटके चहा थंड व्हायच्या आत संपतात. आणि फाइल बंद केली की सगळी हिस्ट्री गायब. साहेबांचं ‘पहिलं’ नेमकं कालचं असतं, तिथे कंट्रोल झेड पोचतच नाही. म्हणून मागे जायची वाट हिस्ट्रीत नको, फाइलमध्येच हवी.

पुसू नका, झाका

यासाठी तीन सवयी लावून घ्या. तीनही फुकट आहेत.

पहिली सवय, अ‍ॅडजस्टमेंट लेयर. उजेड-अंधार वाढवायचा असेल, रंग बदलायचा असेल, तर इमेज मेन्यूत जाऊन थेट फोटोवर वार करू नका. तेच लेव्हल्स, तेच कर्व्हज लेयर्स पॅनेलच्या खालच्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या गोलावर क्लिक केलं की वेगळ्या लेयरवर मिळतात. ही सोय १९९६ पासून आहे! खालचा फोटो जसाच्या तसा राहतो. ‘जरा जास्तच पिवळं झालंय’ असं कुणी म्हणालं, की त्या लेयरची ओपॅसिटी १०० वरून ६० वर आणायची. दोन सेकंद. आणि ‘पहिलं बरं होतं’ म्हणाले, तर लेयरचा डोळा बंद. अर्धा सेकंद!

दुसरी सवय, इरेजर विसरा आणि मास्क वापरा. इरेजरने पुसलेलं गेलं ते गेलंच. मास्कवर काळा ब्रश फिरवला की भाग झाकला जातो, पांढरा फिरवला की परत दिसतो. बॉसच्या केसांची कडा कापली गेली? पांढरा ब्रश घ्या, केस परत. (हे फक्त फोटोशॉपमध्येच होतं, याची नोंद घ्यावी.) तोच नियम क्रॉपला. क्रॉप टूल घेतलं की वरच्या पट्टीत ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ असा एक चौकोन दिसतो. त्यातली खूण काढून टाका. कापलेला भाग फेकला जात नाही, नुसता लपतो. ‘डावीकडे थोडी जागा पाहिजे होती’ हा फोन आला की तो हळूच बाहेर काढायचा.

तिसरी सवय म्हणजे फोटोतली विजेची तार, कचऱ्याचा डबा किंवा मध्येच घुसलेला अनोळखी काका काढताना मूळ फोटोला हात लावू नका. वर एक रिकामा लेयर घ्या, हीलिंग ब्रशच्या पट्टीत ‘ऑल लेयर्स’मधून नमुना घ्यायला सांगा आणि सगळी डागडुजी त्या रिकाम्या लेयरवर करा. २०२३ मध्ये आलेलं जनरेटिव्ह फिल तर आपलं काम आपणहून वेगळ्या लेयरवरच आणून ठेवतं. उद्या काकांची ओळख पटली, ते क्लायंटचे सासरे निघाले, तर लेयर बंद करा. काका परत जागेवर!

फ्लेक्सवाल्याची शाळा

स्मार्ट ऑब्जेक्ट हा प्रकार मी कुठल्याही क्लासमध्ये नाही, नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे बघून शिकले. वाढदिवसाचा फ्लेक्स तुम्ही बघितलाय ना? मध्ये गॉगल लावलेले भाऊ, वर नेते आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. रात्री साडेनऊला फोन येतो, ‘तिसऱ्या ओळीतला पाचवा माणूस काढ, तो आता दुसऱ्या पार्टीत आहे.’ आणि फ्लेक्स पहाटे चौकात लागलेला असतो!

हे कसं जमतं? प्रत्येक चेहरा हा स्मार्ट ऑब्जेक्ट असतो. २००५ मध्ये सीएस टू या आवृत्तीत ही सोय आली. लेयरवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट’ म्हटलं की मूळ फोटो एका डबीत बंद होतो. मग तो लहान करा, मोठा करा, तिरका करा, मूळ फोटोच्या मापापर्यंत त्याची क्वालिटी जात नाही. साधा लेयर मात्र एकदा लहान करून परत मोठा केला की फोटोचा रवा होतो. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच राइट क्लिकमध्ये ‘रिप्लेस कंटेंट्स’ म्हटलं की डबीतला माणूस बदलतो, पण त्याची जागा, गोल फ्रेम, मागची सावली, सगळं तसंच राहतं. पार्टी बदलली, फ्लेक्स तोच!

यात दोन बारकावे आहेत. एक, बदलायचे फोटो आधी एकाच मापाचे करून घ्या, समजा सगळे १००० बाय १००० पिक्सेल. नाहीतर नवा माणूस डबीत बसताना एक तर बोराएवढा दिसतो, नाहीतर भोपळ्याएवढा. दोन, कंट्रोल जे करून काढलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टच्या प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात. एकीच्या आत जाऊन काही बदललं की सगळ्या बदलतात. कंपनीचा लोगो पाच ठिकाणी असेल तर हे वरदान. चेहऱ्यांना मात्र ते नको, तिथे राइट क्लिकमधलं ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ वापरा. नाहीतर एक कार्यकर्ता बदलायला गेलात आणि चाळीसही जण जुळे निघाले, असं व्हायचं.

आधी माप, मग मेहनत

कॉम्प्युटर ‘हँग’ होतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, पण बऱ्याचदा दोष मापाचा असतो. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ रिझोल्यूशनला केला, तर होतात ८६४० बाय ६९१२ पिक्सेल, म्हणजे सुमारे सहा कोटी. तोच ‘क्वालिटी चांगली यावी’ म्हणून ३०० ला केला, तर शंभर कोटींच्या वर! सतरा पटींनी जास्त. एकेका लेयरचं ओझं तीन जीबीच्या आसपास. वर ३६,००० पिक्सेलची रुंदी साध्या पीएसडी फाइलमध्ये मावतही नाही, तिची मर्यादा ३०,००० ची आहे. आणि एवढं करून फ्लेक्स बघणार कोण? चौकातून बाइकवरून जाणारा माणूस, वीस फुटांवरून! त्याला फरक कळणार नाही. हातात धरून वाचायच्या पत्रिकेला ३०० ठीक आहे. म्हणून फाइल उघडण्याआधी एक फोन करा, ‘कुठे छापणार, किती मापाचं?’ या एका मिनिटाने अख्खी दुपार वाचते.

साठ फोटो आणि एक बटण

आता दुसरी गोष्ट, मशीनच्या गळ्यात काम मारायची. पासपोर्ट फोटो काढायला कधी स्टुडिओत गेलात तर त्या दादांच्या बोटांकडे बघा. फोटो उघडला, चेहऱ्याभोवती चौकोन ओढला, वरच्या ओळीतलं एक एफचं बटण दाबलं आणि चार बाय सहा इंचांच्या कागदावर आठ फोटो ओळीत उभे! जादू नाही, ती अ‍ॅक्शन आहे. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो त्या कागदावर चार-चारच्या दोन ओळींत बरोबर बसतात. हा हिशोब दादांनी एकदाच केला, एकदाच रेकॉर्ड केला. त्यानंतर हजारो लोकांचे फोटो त्याच एका हिशोबावर निघाले.

अ‍ॅक्शन म्हणजे टेपरेकॉर्डर. अ‍ॅक्शन्सचं पॅनेल उघडा, रेकॉर्डचं बटण दाबा, काम एकदा नीट, न घाबरता करा, स्टॉप दाबा. यापुढे प्ले म्हटलं की त्याच पायऱ्या त्याच क्रमाने. रेकॉर्ड करताना दोन गोष्टी सांभाळा. फोटो लहान करायचे असतील तर ‘इमेज साइज’ रेकॉर्ड करू नका, कारण आडव्या फोटोसाठी दिलेली रुंदी उभ्या फोटोला लागू झाली की तो ताडमाड होतो. त्याऐवजी फाइल मेन्यूत ‘ऑटोमेट’खाली ‘फिट इमेज’ आहे, ते वापरा. फोटो आडवा असो की उभा, दिलेल्या चौकटीत तो बरोबर बसतो. आणि सेव्ह करायची पायरी अ‍ॅक्शनमध्ये घेऊच नका.

मग सेव्ह कोण करणार? इमेज प्रोसेसर! फाइल मेन्यू, त्यात ‘स्क्रिप्ट्स’ आणि त्यात हा गुणी कामगार राहतो. त्याला फोल्डर दाखवा, जेपेग हवेत म्हणून सांगा, माप सांगा आणि हवं असेल तर खाली ‘रन अ‍ॅक्शन’मध्ये तुमची अ‍ॅक्शन निवडा. तो प्रत्येक फोटो उघडतो, तुमचं काम करतो, नव्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि मूळ फोटोंना हात लावत नाही. सेल्सचे ते साठ फोटो, एकेकाला दीड मिनिट धरलं तरी हाताने नव्वद मिनिटं. इथे? तुम्ही खाली जाऊन कटिंग मारून या. वर येईपर्यंत झालेलं असेल.

लग्नाचे दोन हजार

चुलत भावाचं लग्न आणि तुमच्याकडे चांगला कॅमेरा, हे कॉम्बिनेशन डेंजरच. दोन हजार फोटो घेऊन तुम्ही परत येता. इथे फोटोशॉप नको, लाइटरूम हवं. २००७ मध्ये ते आलं तेच या ढिगाऱ्यासाठी.

आधी फक्त निवड करा, एकही फोटो सुधारायला घेऊ नका. कॅप्स लॉक चालू ठेवा. मग पी दाबलं की फोटो पसंत, एक्स दाबलं की नापसंत, आणि पुढचा फोटो आपोआप समोर. फोटोला तीन सेकंद धरले तर दोन हजारांचे शंभर मिनिटं. समजा, उरले चारशे. आता प्रत्येकाला दोन मिनिटं दिलीत तर तेरा तासांच्या वर जातात. त्याऐवजी एकाच जागी, एकाच उजेडात काढलेल्या फोटोंचे गट करा. वीस गट धरू. प्रत्येक गटातला एक फोटो तीन मिनिटं देऊन मनासारखा करा आणि ‘सिंक’ दाबून बाकीच्यांना तेच लावा. झाला एक तास. मग प्रत्येक फोटोवर अर्ध्या मिनिटाची नजर, म्हणजे दोनशे मिनिटं. एकूण चार तास वीस मिनिटं. रविवार वाचला!

हळदीच्या फोटोंची वेगळी कटकट असते. पिवळा मांडव, पिवळी साडी, पिवळे गाल. सॉफ्टवेअरला ‘ऑटो’ म्हणालात तर तो बिचारा सगळी हळदच धुऊन काढू शकतो! व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर घ्या आणि ज्याला हळद लागलेली नाही अशी पांढरी वस्तू शोधा. आजोबांची टोपी सगळ्यात बेस्ट. फक्त ती उजेडात पार जळून गेलेली नको. टोपीवर एक क्लिक, रंग ठिकाणावर, मग सिंक.

डाव्या हाताचा मळ

आता कबूल केलेली यादी. शंभर शॉर्टकट पाठ करू नका, एवढेच करा. उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर.

बी ब्रश, व्ही मूव्ह. ब्रश लहान-मोठा करायला चौकोनी कंसाची दोन बटणं. डी म्हणजे काळा-पांढरा रंग, एक्स म्हणजे त्यांची अदलाबदल (मास्कवर याच दोघांचं राज्य). स्पेसबार दाबून धरला की फोटो हाताने सरकवता येतो. कंट्रोल शून्य म्हणजे पूर्ण फोटो स्क्रीनवर, कंट्रोल एक म्हणजे खऱ्या मापात. कंट्रोल जे लेयरची प्रत, कंट्रोल टी माप बदलायला. आणि एका लेयरच्या डोळ्यावर ऑल्ट धरून क्लिक केलं की बाकीचे सगळे लेयर बंद, पुन्हा केलं की चालू. ‘आधी आणि नंतर’ दाखवून साहेबांना गार करायला हे एकदम झक्कास. मॅकवाल्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन वाचावं आणि उगाच कॉलर ताठ करू नये.

इथे घाई नको

एक गोष्ट मात्र मी कधीच अ‍ॅक्शनवर टाकणार नाही. माणसाचा चेहरा. स्थळासाठी फोटो काढायला गेलेल्या मुलीला न विचारता दोन छटा उजळ करून देणं, हे कित्येक ठिकाणी अगदी सवयीने चालतं. एक बटण दाबलं की रंग उजळ, गाल गुळगुळीत, हनुवटीचा तीळ गायब. तो तीळ तिच्या आजीकडून आलेला असतो, हे बटणाला काय माहीत? उद्या आलेला पिंपल काढा, तो परवा जाणारच आहे. पण जे माणसाचं कायमचं आहे, त्याला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारायला अर्धं मिनिट लागतं. ते वाचवू नका. वेळ वाचवायचा तो मापात, सेव्ह करण्यात, साठ वेळा तेच करण्यात. नजरेचं काम सावकाशच व्हायला हवं. इतर ठिकाणचा वेळ त्यासाठीच तर वाचवायचा.

वाचलेला वेळ कुणाचा?

आता कळीचा प्रश्न. पूर्वी तीन तास लागायचे ते काम तुम्ही पाऊण तासात केलंत. पुढे काय होतं? ‘अरे वा, झालं? मग अजून दोन ऑप्शन दाखव ना!’ ऑफिसात पटकन काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून काय मिळतं, तर आणखी काम. हा नियम कुठल्याही शॉर्टकटने मोडत नाही.

म्हणून माझं म्हणणं, वाचलेल्या वेळेचं काय करायचं हे काम सुरू करण्याआधीच ठरवा. काम देणाऱ्याला सुरुवातीलाच विचारा, ‘किती ऑप्शन, किती वेळा बदल?’ आणि आकडा मेलवर घ्या. कामाची किंमत लागलेल्या तासांवर सांगू नका, कामावर सांगा. नाहीतर तुम्ही जितके हुशार होत जाल तितके स्वस्त होत जाल! पासपोर्टवाले दादा एका मिनिटात फोटो देतात म्हणून कुणी त्यांना एका मिनिटाचे पैसे देत नाही.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की एकच करा. गेल्या आठवड्यात कुठलं काम तीनपेक्षा जास्त वेळा केलं ते आठवा आणि त्याची एक अ‍ॅक्शन बनवा. दहा मिनिटं लागतील. पुढच्या शुक्रवारी साडेसहाच्या लोकलला खिडकी मिळाली, तर माझी आठवण काढा. आणि नाही मिळाली, तर त्यावर फोटोशॉपकडेही उपाय नाही, बॉस!